लगद्यातले पाणी आणि पुण्याची हातकागद संस्था

पुण्याच्या शिवाजीनगरातील हातकागद संस्थेविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते : महात्मा गांधींची प्रेरणा, १९४० साली जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झालेले उद्घाटन आणि संस्थापक के. बी. जोशी यांची चिकाटी. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि कोणत्याही स्मरणिकेत त्यांना मानाचे पान मिळायलाच हवे. पण त्यांतून संस्था का निघाली एवढेच कळते. तिला काय साधले, ती कुठे अडली, गिरणीचा कागद स्वस्तात मिळत असताना ती ऐंशीहून अधिक वर्षे कशी टिकली, या प्रश्नांना प्रेरणेच्या इतिहासात उत्तर नाही. ते हौदात शोधावे लागते. कागद करणे म्हणजे तंतू कुटून पाण्यात सोडायचे आणि मग तेच पाणी त्यांच्यातून काढून घ्यायचे. पाण्यात सोडणे कोणालाही जमते. काढून घेण्यात कसब लागते, पैसा लागतो, वेळ लागतो, आणि कागद चांगला की वाईट हेही तिथेच ठरते. हातकागद संस्थेचा इतिहास हा मुख्यतः लगद्याच्या निचऱ्याचा इतिहास आहे, असे मला मांडायचे आहे. तसा तो वाचला म्हणजे संस्थेचे काही निर्णय, जे वरवर हट्टाचे किंवा जुनाट वाटतात, ते शहाणपणाचे ठरतात. आणि काही उणिवाही नेमक्या दिसू लागतात.

भोर-वेल्ह्याच्या वाचकाला या पुणेरी संस्थेशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पाण्याचे नाते तर उघड आहे. पुणे शहर ज्या धरणांच्या साखळीवर जगते त्यांतले आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव ही धरणे वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, डोंगरांतले पाणी साठवतात. भोरचे वेळवंडीचे पाणी भाटघर धरणातून नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते आणि तिथे उसाचे मळे पोसते. उसाचे चिपाड हाही कागदाचा कच्चा माल. आणि भाताच्या दोन्ही तालुक्यांत पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात, त्या पाहून ‘यापासून कागद का करत नाहीत?’ हा प्रश्न कोणाच्याही मनात येतो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर निचऱ्यापाशीच सापडते, त्यामुळे त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

आधी जुन्या परंपरेचा हिशेब. पुणे जिल्ह्यात हाताने कागद करणे संस्थेने सुरू केले नाही. जुन्नरचे कागदी आणि त्यांचा जुन्नरी कागद पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांना परिचित आहेत. खुद्द पुण्यात कसब्यात कागदीपुरा होता. दौलताबादजवळ कागजीपुरा आजही त्याच नावाने उभा आहे. १६९७ मध्ये शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि पुढे त्यांच्या घराण्याचे भोर संस्थान झाले. कागद करण्याचे पहिले यंत्र लुई रोबेर याने फ्रान्समध्ये पेटंट केले ते १७९९ साली. म्हणजे सचिवांच्या कारभाराच्या पहिल्या शंभर वर्षांत जे काही लिहिले गेले ते सगळे हातकागदावरच लिहिले गेले असणार. दुसरा कागद जगात कुठेच नव्हता. या कागद्यांची रीत युरोपी कारागिरांपेक्षा वेगळी होती. तागाची जुनी पोती, दोरखंड असा माल चुन्यात मुरवायचा, ढेंकीने कुटायचा, नदीत फडक्यात धरून धुवायचा. जमिनीत बसवलेल्या हौदाशी उकिडवे बसून गवताच्या काड्यांची लवचिक छपरी साच्यावर घालायची, लगदा उचलायचा, पाणी निथळले की छपरी उलटून ओला ताव आधीच्या तावावरच अंथरायचा. मध्ये लोकर नाही, कापड नाही. मग वर फळी, दगड, कधी माणसाचे वजन. शेवटी एकेक ताव सोलून चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवायचा, वाळला की खळ लावून दगडाने घोटायचा. या रीतीत पाणी काढण्याची तीनही पावले आहेत : निथळणे, दाबणे, वाळवणे. यंत्रयुगाने चौथे पाऊल शोधलेले नाही. यंत्राने फक्त प्रत्येक पावलाला ताकद आणि वेग दिला.

हा वेग किती महाग पडतो हे साध्या आकडेमोडीने कळते. हौदातला लगदा एक टक्क्याचा धरला तर एक किलो कोरड्या तंतूंबरोबर ९९ लिटर पाणी असते. यंत्राच्या जाळीवरून ताव निघतो तेव्हा त्यात तंतू २० टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे पाणी उरते ४ लिटर. दाबाच्या रुळांतून निघताना तंतू ४० टक्के झाले तर पाणी दीड लिटर. तयार कागदात ओलावा राहतो पाचेक टक्के. याचा अर्थ ९९ पैकी ९५ लिटर पाणी जाळीतूनच खाली जाते, अडीच लिटर दाबाने निघते आणि जेमतेम दीड लिटर उष्णतेने उडवावे लागते. पण खर्चाचा क्रम बरोबर उलटा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. शेवटच्या त्या दीड लिटरसाठी बॉयलर, कोळसा, तापलेल्या सिलिंडरांची रांग हे सगळे उभे करावे लागते. म्हणून दाबाच्या टप्प्यावर कोरडेपणा ४० वरून ४१ टक्के झाला तरी वाळवणीचे काम चारेक टक्क्यांनी घटते. ४० चे ४५ झाले तर जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. १८८० च्या दशकात मुंढव्याला यंत्रावरची कागद गिरणी आली तेव्हा कसब्यातल्या कागद्यांची गाठ या हिशेबाशी पडली. कागद्याच्या हातात कसब कमी नव्हते. त्याच्या भिंतीवर एका दिवसात जितके ताव वाळत त्याहून कितीतरी अधिक कागद तापलेला सिलिंडर वाळवत होता. गिरणीने हातकागदाला हरवले ते वाळवणीत, उचलणीत नव्हे.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत इतर उद्योगांबरोबर हातकागदाचेही काम चालू झाले. के. बी. जोशींचे कुटिरोद्योग म्हणून कागद करण्याविषयीचे पुस्तक याच संघाने काढले. पुण्याची संस्था या प्रवाहातली. स्वातंत्र्यानंतर आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आली. प्रशासकीय इतिहास यापेक्षा फार रंजक नाही. तांत्रिक निवड मात्र थांबून पाहावी अशी आहे. ग्रामोद्योगाचे घोषवाक्य म्हणजे स्थानिक माल, शेतातला टाकाऊ माल. त्या तर्काने पुण्यात पेंढा, चिपाड, केळीचे सोपट यांवर भर द्यायला हवा होता. संस्थेचा मुख्य आधार राहिला सुती चिंध्यांचा, पुढे होजिअरीच्या कारखान्यांतल्या पांढऱ्या कातरणीचा. हा माल पुण्याबाहेरून आणावा लागतो. तत्त्वाशी ही तडजोड वाटते. निचऱ्याच्या बाजूने पाहिले तर दुसरा मार्ग नव्हता.

याचे कारण तंतूच्या बांध्यात आहे. कापसाचा तंतू लांब, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा, आणि त्यात बारीक चुरा कमी. जाळीवर त्याचा थर बसला की मधल्या फटी मोकळ्या राहतात आणि पाणी खाली जाते. भाताच्या पेंढ्याचा लगदा याच्या उलट. त्याचे तंतू आखूड. त्यात पातळ भिंतींच्या पेशींचा गाळ मोठा. हेमिसेल्युलोज भरपूर, ते पाणी धरून फुगते. आणि सिलिका इतकी की उकळलेल्या द्रावणाची विल्हेवाट हा गिरण्यांचाही वैताग होतो. असा लगदा न कुटताच सावकाश निथळतो, कारण बारीक गाळ जाळीच्या भोकांशी आणि तंतूंच्या फटींत जाऊन बसतो. उसाच्या चिपाडातला भुसा हेच करतो. तमिळनाडूत करूरजवळ तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्सचा कारखाना १९८० च्या दशकापासून चिपाडावर मोठ्या प्रमाणात कागद करतो. पण तो भुसा आधी झाडून वेगळा काढावा लागतो तेव्हाच ते जमते. यंत्राच्या जाळीखाली निर्वात पेट्या असतात, त्या पाणी ओढून घेतात. हौदावर उभ्या कारागिराच्या साच्याखाली फक्त पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण असते. ताव पाच सेकंदांत निथळण्याऐवजी वीस सेकंद लागले तर त्याचे दिवसाचे उत्पादन कोसळते, आणि दाबताना तोच ताव चिरडून चौकटीबाहेर येतो. चिंध्या निवडणे हा हातकागदाच्या अर्थशास्त्राचा भाग होता, कारागिराच्या लहरीचा नाही.

भोर-वेल्ह्याच्या पेंढ्याचा प्रश्न इथे बराचसा सुटतो, पण त्याला आणखी एक बाजू आहे आणि ती तंत्रज्ञांच्या नजरेतून सुटते. पंजाबात भाताची धाटे शेतात जाळली जातात, म्हणून तिथे त्यांना टाकाऊ म्हणता येते. आपल्या मावळात पेंढा जाळत नाहीत. तो गुरांच्या तोंडी जातो. ज्याला पुण्यातला कागदतज्ज्ञ ‘अवशेष’ म्हणेल तो इथल्या शेतकऱ्याचा उन्हाळ्यातला चारा आहे. चिंध्यांच्या लगद्यात थोडा पेंढ्याचा लगदा मिसळून जाड पुठ्ठा किंवा रंगीत कागद करता येतो, त्याला हरकत नाही. पण संपूर्ण पेंढ्यावर हातकागदाचे गावोगावी केंद्र उभारण्याची कल्पना ऐकायला जितकी सोयीची तितकीच हौदावर आणि गोठ्यावरही न परवडणारी आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हातकागदाला सुकवायला ऊन-वारा फुकट मिळतो. मग पाणी काढण्याचा हा हिशेब गिरणीला लागू, हातकागदाला कशाला? वाफेचे बिल येत नाही हे खरे. पण ऊन आठ महिनेच मिळते. पाणी हवेत किती वेगाने जाते हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. तापमान तेच धरले आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली, तर वाळण्याची ओढ पाचपटीने कमी होते. जुलैत तेच घडते. ओला ताव दोरीवर जास्त काळ राहिला की कडा आधी आणि मध्य नंतर वाळतो, कागद वाकडातिकडा होतो, बुरशीची भीती असते, आणि वाळवणीच्या माळ्यावरची जागा अडून पडते. त्यामुळे फुकटच्या उन्हाची किंमत जागेच्या आणि दिवसांच्या हिशेबात चुकवावीच लागते. हीच गोष्ट दाबयंत्राला महत्त्व देते. स्क्रू-प्रेस असो की हायड्रॉलिक, तिथे घालवलेले प्रत्येक मिनिट पावसाळ्यात माळ्यावरचे तास वाचवते. हातकागदाला इथे एक फायदा आहे, त्याचा उल्लेख क्वचित होतो. वेगवान यंत्राच्या रुळांमध्ये तावाला दाब मिळतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा इतकाच काळ. तो काळ वाढवावा म्हणून १९८० च्या सुमारास रुळाऐवजी लांब बुटासारखा ‘शू प्रेस’ आला आणि कागद उद्योगाने त्याचा जयजयकार केला. हातकागदाचा ढीग दाबाखाली मिनिटेच्या मिनिटे बसतो. एवढी दाबवेळ हातकागदाला पिढ्यान्‌पिढ्या विनासायास मिळत होती.

मिळते म्हणून ती नीट वापरली जाते असे नाही. दाब एकदम वाढवला तर तावाच्या पृष्ठभागावर दाट थर तयार होतो, आतले पाणी कोंडते आणि ताव फाटतो. दाब हळूहळू वाढवावा लागतो. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दाब काढल्यावरचा क्षण. तावांमधले कापड किंवा फेल्ट पाण्याने तुडुंब असते. दाब सैल झाला की कागदाचे तंतू फुगू पाहतात आणि तेच पाणी परत ओढून घेतात. दाबाखाली कमावलेल्या कोरडेपणातला काही भाग परत जातो, जर ढीग तसाच ठेवला तर. ताव लवकर वेगळे करणे, फेल्ट दर पाळीला पिळून कोरडे ठेवणे, जुने झालेले फेल्ट बदलणे, या तीन गोष्टींना भांडवल जवळजवळ लागत नाही. हौदातल्या पाण्याच्या तापमानाचेही तसेच. २० अंशाच्या पाण्यापेक्षा ४० अंशाचे पाणी सुमारे एक तृतीयांश कमी चिकट असते, म्हणून ते जाळीतून चटकन उतरते. युरोपातल्या जुन्या हातगिरण्यांत हौद गरम ठेवायला शेगडी असे, ती कारागिराचे हात गारठू नयेत यापुरतीच नव्हती. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तोच लगदा दुपारपेक्षा सावकाश निथळतो. सौरऊर्जेवर पाणी कोमट करण्याइतके साधन आता कोणत्याही वसतिगृहात असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यात तथ्य आहे. निचरा झटपट झाला की कागद चांगला होतोच असे नाही. उलट, लगदा बीटरमध्ये, म्हणजे कुटण्याच्या यंत्रात, जितका जास्त कुटावा तितके तंतूंचे पृष्ठ पिंजले जाते, ते पाणी धरतात, निथळणे मंदावते. पण वाळताना तेच पिंजलेले पृष्ठ एकमेकांना बिलगतात आणि कागद मजबूत होतो. निचरा किती मंद झाला हे मोजायला शॉपर-रीग्लर मापकावर २ ग्रॅम तंतू एक लिटर पाण्यात घेऊन पाहतात, कॅनेडियन मापकावर ३ ग्रॅम. दस्तऐवजाचा कागद आणि गाळणकागद एकाच चिंधीतून करता येतात. फरक बीटरमधल्या तासांचा. गाळणकागदाचा लगदा हलका कुटतात, दस्तऐवजाचा भरपूर. म्हणून ‘निचरा सुधारणे’ याचा हातकागदाच्या संदर्भात अर्थ निचरा जास्तीत जास्त वेगवान करणे असा घेऊ नये. ज्या कामाचा कागद, त्याला लागेल तेवढाच निचरा, आणि प्रत्येक हौदाला तोच, दिवसेंदिवस. कारागिराला साचा हलवून तंतू आडवे-उभे गुंफायला दोन-तीन सेकंद लागतातच. त्याआधी पाणी पडून गेले तर ताव ढगाळ होतो. अनुभवी हात हे बोटांनी ओळखतो. पण बोटांचा अनुभव प्रशिक्षणार्थ्याला वहीत लिहून देता येत नाही, मापकाचा आकडा देता येतो. ज्या संस्थेचे एक कामच शिकवणे आहे, तिथे हौदाशेजारी मापक आणि भिंतीवर त्याची रोजची नोंद असायलाच हवी.

मग यंत्रवाले वापरतात ती रसायने का वापरू नयेत? तुरटी घातली की बारीक चुरा गोळा होतो, पाणी मोकळे होते. मॉरित्स इलिगने १८०७ मध्ये रोझिन आणि तुरटीची खळ हौदातच घालण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून गिरण्यांनी ती डोळे झाकून उचलली. त्याची किंमत त्या काळातल्या ग्रंथालयांनी दिली : तुरटीच्या आम्लाने एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली असंख्य पुस्तके पिवळी, ठिसूळ झाली आणि त्याआधीचे चिंध्यांचे हातकागद शाबूत राहिले. हातकागदाची बाजारातली ओळखच टिकाऊपणा असेल, तर निचऱ्यासाठी तुरटीचा सढळ वापर म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. धनभारित स्टार्च किंवा पॉलिॲक्रिलामाइड, उदासीन माध्यमात चालणारी खळ, ही साधने आज उपलब्ध आहेत आणि त्यांना माझा तत्त्वतः विरोध नाही. सेल्युलेज एन्झाइमने तंतूंवरचा गाळ किंचित चाटून निचरा वाढवण्याचे तंत्रही १९८० च्या दशकाअखेरीपासून गिरण्यांत आले आहे. पण त्याचे प्रमाण जरा जास्त झाले तर तंतूच खाल्ला जातो, आणि कापसाच्या शुद्ध सेल्युलोजला ते सर्वांत लवकर बाधते. हातकागदाच्या छोट्या हौदावर अचूक मात्रा सांभाळणे कठीण. आधी फेल्ट, दाब, तापमान, नोंद. एन्झाइम सर्वांत शेवटी, असा माझा क्रम आहे.

संस्थेच्या कामाला अलीकडे मिळालेले एक वळण या सगळ्या हिशेबाची खरी परीक्षा घेते. प्लास्टर ऑफ पॅरिसला पर्याय म्हणून कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्तींना मागणी आली आणि हातकागद संस्थेनेही त्या करायला घेतल्या. तावाची जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजतात, मूर्तीची भिंत कित्येक मिलिमीटरची. आतले पाणी बाहेर यायला लागणारा काळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : भिंत दुप्पट जाड, तर वाळवणी चौपट लांब. गणेश चतुर्थी भाद्रपदात. तेव्हा मूर्ती वाळवण्याचा हंगाम नेमका आषाढ-श्रावणात येतो, हवा सर्वांत दमट असताना. उष्णता लावून घाई केली तर बाहेरचा थर आकसतो आणि चेहरा तडकतो. खळ वाढवून मूर्ती कडक केली तर विसर्जनाच्या वेळी ती विरघळायला हवी, ती हटून बसते. इथे लगदा मुक्त निथळणारा, कमी कुटलेला, लांब तंतूंचा लागतो. साच्याला सच्छिद्र पाठ आणि शक्य असेल तर मागून हलका निर्वात ओढ. साच्यात असतानाच होईल तेवढा दाब. पुण्याच्या पावसात हे जमले, तर ताम्हिणीपासून वरंध घाटापर्यंतच्या पट्ट्यात, जिथे पाऊस याहून कितीतरी जास्त आहे, एखाद्या बचत गटाला हे काम देता येईल की नाही याचा निर्णय पोस्टरवरच्या छायाचित्रावरून न करता वाळवणीच्या दिवसांच्या नोंदीवरून करता येईल. वेल्ह्याच्या पश्चिम भागात मूर्ती मे महिन्यात भरून ठेवाव्या लागतील, पुरंदरकडच्या कोरड्या बाजूला जुलैतही चालेल, असा फरक त्या नोंदीतून निघू शकतो. आणि भोर शहर या दोन्हींच्या मध्ये पडते.